पंचेचाळीसचा काप

चौकटीला कोपरे चार, पण काप आठ. हे ज्याला कळलं त्याला लाकडाच्या कामातली अर्धी गोम कळली. एका कोपऱ्यात दोन पट्ट्या भेटतात. दोघींची टोकं पंचेचाळीस अंशांत कापलेली, मिळून नव्वद. एक काप अर्ध्या अंशानं चुकला तर डोळ्याला दिसत नाही. पण आठही काप एकाच बाजूला अर्ध्या अर्ध्या अंशानं चुकले तर चूक चार अंशांची होते आणि ती सगळीच्या सगळी शेवटच्या कोपऱ्यावर येऊन बसते. पहिले तीन कोपरे गच्च मिटलेले, चौथा आ वासून. बघणारा चौथ्या कोपऱ्याला शिव्या घालतो. त्याचा काय दोष? तो फक्त शेवटी आला.

दोस्तहो, आपल्यातल्या पुष्कळांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मी गिरणी कामगार. असं म्हटलं की लोकांना परळ-लालबाग आठवतं. माझा आजा तिथलाच. १८ जानेवारी १९८२ ला कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आजा पत्र्याची पेटी घेऊन रत्नागिरीला आला तो कायमचा. माझी गिरण लाकडाची. मिरकरवाड्यात बंदराच्या वरच्या अंगाला पत्र्याची एक शेड आहे. तिच्यात एक पट्टा-करवत, ओंडके फाडायला. आणि एक टेबलावरची गोल करवत, जिला आम्ही नुसतं ‘कटर’ म्हणतो. खाली ट्रॉलर, पर्ससीनच्या नौका, फोडलेला बर्फ, डिझेल, जाळी शिवत बसलेली माणसं. वर रत्नदुर्गाचा डोंगर. दिवसभर नाकात भुसा आणि संध्याकाळी त्यावर मासळीचा वास. शाळा दहावीपर्यंत. कविता त्याच्यानंतर. कोनांचं गणित सगळ्यांत शेवटी आलं, तेसुद्धा गरज पडली म्हणून.

या गावाचा आणि लाकडाचा संबंध जुना आहे, आणि तो साधा नाही. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशावर चाल केली तिला निमित्त झालं सागवानाचं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशननं ओंडके जास्त नेले आणि हिशेब कमी दाखवला म्हणून थिबा राजाच्या दरबारानं तिला दंड ठोकला. इंग्रजांनी राज्यच घेतलं आणि राजाला आणून ठेवलं आमच्या रत्नागिरीत. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा अजून उभा आहे. त्यात ब्रह्मदेशचं सागवान आहे. राजा १९१६ साली इथेच मेला. लाकडाच्या मोजमापावरून राज्य जातं, तिथं आमचा एक दिवसाचा रोज गेला तर कोण विचारतो? पण रोज माझा होता, म्हणून मी विचारणार.

आमच्या कामाला दोन हंगाम. थंडी सरत आली की आंब्याच्या पेट्या. पेटीला कोनाचं कौतुक नाही. फळी सरळ कापायची, खिळा मारायचा, पुढची घ्यायची. एक सूत इकडे तिकडे झालं तरी हापूसला कळत नाही. दुसरा हंगाम १ जूनपासून, मासेमारीबंदी लागली की. नौका उभ्या राहतात आणि त्यांची डागडुजी निघते. तेव्हा आमच्याकडे केबिनच्या खिडक्या येतात, दारं येतात, काचेभोवतीच्या पट्ट्या येतात. समुद्रावरच्या खिडकीचा कोपरा उघडा राहिला तर खारं पाणी त्याच फटीतून आत शिरतं, खिळा गंजतो, लाकूड कुजतं आणि दोन पावसाळ्यांत चौकट हातात येते. म्हणून तिथला कोन महत्त्वाचा.

अशाच एका बंदीत एका नौकेच्या केबिनच्या सहा खिडक्या माझ्याकडे आल्या. तीन इंची सागवानी पट्टी. मी कापल्या, जुळवल्या. सहाही चौकटींचा चौथा कोपरा उघडा. फट सव्वा सुतापेक्षा जास्त.

शेठ आला. फट बघितली. मशीनकडे बघितलं नाही. माझ्या हाताकडे बघितलं.

“तुज्या हाताला वळान नाय रं. सुताराचा हात येगळा असतो. तो रक्तात लागतो.”

आणि त्या दिवसाचा रोज कापला.

हे वाक्य मला नवीन नव्हतं. आज्याच्या लहानपणी गावात जंगलातनं लाकूड वाहून सुताराच्या अंगणात टाकायचं काम आमच्या घराकडे. अंगणापर्यंत. पडवीत पाऊल नाही. लाकडाचा भार खांद्याला माहीत, त्याचं माप हाताला माहीत होऊ द्यायचं नाही, अशी वाटणी. मग तीन पिढ्यांनी म्हणायचं, यांच्या रक्तात नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली छापलेल्या आणि कधीच न झालेल्या भाषणात जातीचा आणि कामाचा हा हिशेब मांडून ठेवला आहे. मला तो कटरसमोर उभा राहून कळला.

पण चिडून कोपरा मिटत नाही. मी ठरवलं, हाताचा नंबर शेवटी. आधी बाकी सगळ्यांची झडती.

पहिली झडती गुण्याची. ज्यानं तपासायचं तोच खोटा असला तर? गुण्या तपासायला दुसरा गुण्या लागत नाही. सरळ कडेच्या फळीला गुण्या लावायचा, रेघ मारायची. मग गुण्या उलटा करून, म्हणजे डावीकडचा उजवीकडे फिरवून, त्याच जागी परत रेघ मारायची. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. वर फाकल्या तर जेवढं फाकलं त्याच्या निम्मी त्याची खोट. आमचा गुण्या खरा निघाला.

दुसरी झडती फटीची. फट कुठं आहे ते बघायचं, नुसती किती आहे ते नाही. बाहेरच्या टोकाला फट असेल तर काप पंचेचाळीसपेक्षा बोथट झालाय. आतल्या कोपऱ्याला असेल तर जास्त टोकदार झालाय. वरून सांधा मिटलेला आणि खालून उघडा असेल तर कोनाचा दोषच नाही, पातं टेबलाला काटकोनात उभं नाही. आणि काप सगळे बरोबर असूनही चौकट तिरकी बसत असेल तर समोरासमोरच्या पट्ट्यांची लांबी सारखी नाही. तेव्हा मोजून मोजून कापत बसू नये, टेबलावर एक ठोकळा अडणी म्हणून पक्का करावा आणि दोन्ही पट्ट्या त्याला टेकवून कापाव्यात. माझी फट बाहेरच्या टोकाला होती, वरखाली सारखी, आणि लांब्या जुळत होत्या. म्हणजे कोन.

तिसरी झडती लाकडाची. कोकणातल्या पावसात लाकूड पाणी पितं. ते रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे बरोबर कापलेला पंचेचाळीसचा काप फुगल्यावर बाहेरून उघडतो आणि वाळल्यावर आतून उघडतो. रुंद पट्टीला हे जास्त दिसतं. शेठचं काही माणूस म्हणालं, पावसाचं लाकूड, असं होणारच. पण माझी फट कापल्याबरोबर दिसली होती. लाकूड तासाभरात एवढं फुगत नाही. पट्टी पण सरळ होती, दोरी लावून बघितली. लाकूड सुटलं.

चौथी झडती पात्याची. टेबलाला पुढून मागे जाणारी एक खाच असते, तिच्यात कोनाच्या गेजची पट्टी सरकते. पातं त्या खाचेला समांतर पाहिजे. हे तपासताना मोटारीची वायर आधी काढायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग पात्याच्या एका दाताला खडूची खूण करायची. तो दात पुढे असताना खाचेपासून अंतर मोजायचं, मग पातं हातानं फिरवून तोच दात मागे न्यायचा आणि परत मोजायचं. तोच दात घ्यायचा, कारण दुसरा घेतला तर पात्याचा स्वतःचा बाक मापात मिसळतो. अंतर सारखं नसेल तर मागचे दात लाकूड परत घासतात, कापलेल्या तोंडावर करपल्याचे डाग येतात, पट्टी ढकलली जाते. अशा वेळी टेबलाचे बोल्ट ढिले करून, लाकडी मोगरीनं हळू ठोकून टेबल जागेवर आणायचं आणि परत आवळायचं. आमच्यात फरक नव्हता. पातं सुटलं. दातांवर डिंक चढला होता तो रॉकेलनं पुसून काढला, एवढंच.

पाचवी झडती गेजची. त्याला आम्ही ‘अँगल’ म्हणतो. अर्धगोल तबकडी, तिच्यावर अंशांच्या खुणा, एक काटा आणि खाली ती सरकणारी पट्टी. मशीन जुनी घेतलेली. पट्टी खाचेत किंचित हलत होती. आणि काटा शून्यावर होता. सगळे त्या शून्यावर विश्वास ठेवून होते. शून्य कुणी तपासलं होतं?

शून्य तपासायची एक युक्ती आहे, पाच कापांची. चूक एवढी लहान की गुण्याला दिसत नाही, म्हणून तिला मोठी करून पकडायची. प्लायचा एक चौकोनी तुकडा घ्यायचा. अँगल शून्यावर, म्हणजे काप नव्वदचा. एक कड कापायची. कापलेली कड अँगलला टेकवून पुढची. असं फिरवत चारही. मग पहिली कड पाचव्यांदा कापायची आणि या वेळी जी चिंधी पडेल ती जपून ठेवायची. अँगल खरा असेल तर चिंधी दोन्ही टोकांना सारख्या जाडीची. खोटा असेल तर एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक, आणि तो फरक चौपट झालेली चूक असते.

माझी चिंधी ३०० मिलिमीटर लांब. एका टोकाला ९ मिलिमीटर, दुसऱ्याला ३. फरक ६. चारानं भागला, दीड. म्हणजे ३०० मिलिमीटरला दीड मिलिमीटर. अंशांत मांडलं तर पाव अंशाहून किंचित जास्त. एवढीशी. पण आठ कापांत ती सव्वादोन अंशांवर जाते. आणि तीन इंची पट्टीच्या तिरक्या तोंडावर, जे सव्वाचार इंच भरतं, सव्वादोन अंश म्हणजे सव्वा सुतापेक्षा जास्त फट. शेठनं जी फट बघून माझं रक्त काढलं होतं तीच, तेवढीच, कागदावर आली. हिशेब मी सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला केला. ते पाकीट अजून आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यायची. साधी पट्टी असली की आपण सगळे आठ काप अँगल एकाच बाजूला ठेवून घेतो, पट्टी उलटी-सुलटी करून. म्हणून चूक आठदा एकाच बाजूला साठते. निम्मे काप अँगल डावीकडे फिरवून आणि निम्मे उजवीकडे फिरवून घेतले असते तर शून्याची चूक एका कापात अधिक आणि दुसऱ्यात उणी झाली असती आणि कोपरा मिटला असता. यंत्राचं खोटं झाकलंही गेलं असतं.

शेठला पाकीट दाखवलं तर त्यानं बघितलं नाही. मग मी सुतार मिस्त्रींना बोलावलं. साठीचे, जातीनं सुतार, नौकांच्या कामातलं मुरलेलं माणूस. मी म्हटलं, “मिस्त्रीनू, जरा चार पट्ट्या कापून बघता काय? ह्याच अँगलावर, एकाच बाजूनं.” त्यांनी कापल्या. जुळवल्या. चौथा कोपरा उघडा. तीच सव्वा सुताची फट.

मिस्त्रींनी चष्मा कपाळावर ढकलला. “हात नाय वाकडा,” ते म्हणाले, “काटा वाकडा हाय.”

शेठ म्हणाला, “मग मशीनच बघायला पायजे.”

हे ऐकून मी गप्प उभा राहिलो. तीच मशीन, तोच अँगल, तेच लाकूड, तीच फट. मी कापलं तेव्हा हात वाकडा ठरला. मिस्त्रींनी कापलं तेव्हा यंत्र वाकडं ठरलं. मिस्त्रींनी मात्र खोटेपणा केला नाही. त्यांना तो परवडला असता. जाताना त्यांनी ते पाकीट मागून घेतलं, उन्हात धरून वाचलं आणि परत दिलं. कापलेला रोज परत आला नाही.

आता दुरुस्ती, कारण ती सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. काट्याचा स्क्रू ढिला करून अँगल थोडा थोडा हलवत, दर वेळी पाच काप घेत गेलो. चिंधी दोन्ही टोकांना सारखी पडली तेव्हा काटा शून्यावर आणून आवळला. सरकत्या पट्टीची कड सेंटर पंचानं चार-पाच ठिकाणी ठोकली. ठोकलेल्या जागी लोखंड कणभर फुगतं, मग कानसीनं बेतानं घासत खाचेत बसवायचं. हलायची थांबली. अँगलचं तोंड आखूड होतं. त्याला हातभर लांब सरळ सागवानी पट्टी मारली आणि तिच्यावर पॉलिश पेपर चिकटवला, कारण पंचेचाळीसच्या कापात पातं लाकडाला बाजूला ओढतं आणि गुळगुळीत तोंडावर ते सरकतं. तेवढ्या सरकण्यानंही कोन बिघडतो.

शेवटी एक सरकती पाटी केली, टाकाऊ प्लायची. खाली खाचेत बसणाऱ्या दोन पट्ट्या, वर दोन आडव्या, एकमेकींशी बरोब्बर नव्वदमध्ये, पात्याच्या दोन बाजूंना. गंमत अशी की त्या पात्याशी पंचेचाळीसमध्येच असायला पाहिजेत असं नाही. एक चव्वेचाळीसला असली तर दुसरी आपोआप सेहेचाळीसला येते. एक पट्टी डावीकडे कापायची, तिची जोडीदार उजवीकडे. चव्वेचाळीस आणि सेहेचाळीस, नव्वदच. दोघींच्यातला काटकोन खरा पाहिजे, मग प्रत्येकीचं थोडं कमीजास्त चालतं.

आणि गेजच नसेल तर? टेबलावर खाचेच्या कडेनं बारा इंच मोजा, तिथून गुण्यानं आडवे बारा इंच. दोन टोकं जोडा. ती तिरकी रेघ पंचेचाळीसची. ती सतरा इंचांना पाव सूत कमी भरली पाहिजे. भरली नाही तर तुमचा काटकोन खोटा. हे गणित फार जुनं आहे. बौधायनाच्या शुल्बसूत्रात चौरसाच्या तिरक्या रेघेचा नियम सापडतो, यज्ञाच्या वेदी रचायला. शुल्ब म्हणजे दोरी. विटा भाजणारे वेगळे, दोरी धरणारे वेगळे, आणि सूत्र कुणाच्या कानावर पडू द्यायचं हे ठरवणारे दोरी धरणारेच. आता ती दोरी किराणा दुकानात मिळते. आपण घ्यावी.

हाताबद्दलही बोलतो. हात वाकडा होण्याआधी तुटतो, हे या धंद्यातलं खरं. १९४८च्या कारखाना कायद्यानं २१व्या कलमात फिरत्या यंत्राला आडोसा घालायला सांगितलं होतं. आमच्या पात्यावर आडोसा नव्हता. कोन कापताना बोटं पात्याजवळ येतात, म्हणून लहान तुकडा हातात धरून कापू नका, क्लँप लावा. आणि समांतर फाडायची लांब आड आणि कोनाचा अँगल, दोन्ही एकाच वेळी कधी वापरू नका. कापलेला तुकडा पात्याच्या आणि आडीच्या मध्ये अडकतो आणि तुमच्या पोटावर येतो. हे मिस्त्रींनी सांगितलं. त्यांच्या उजव्या हाताला साडेतीन बोटं आहेत.

त्या पाटीवर मी सहाही खिडक्या परत कापल्या. त्या नौकेला लागल्या आणि बंदी उठल्यावर नौका गेली. पुढच्या एप्रिलला आमच्या वस्तीतल्या विहारात बाबासाहेबांच्या तसबिरीसाठी चौकट केली, फणसाच्या लाकडाची. शेडमध्ये नंतर एक नवीन पोरगा आला, तांबटाच्या घरातला. त्याचा पहिला कोपरा उघडला तेव्हा शेठ तोंड उघडणार एवढ्यात मी मशीनमागच्या पत्र्यावर खडूनं लिहिलेलं त्याला दाखवलं. अजून तिथं आहे. पावसात पुसलं जातं, मी परत लिहितो:

आधी गुण्या. मग काटा. मग पट्टी. मग पातं. मग लाकूड. हात सगळ्यांत शेवटी.